पायरीचा नियम

आठवणी लिहायला माणूस म्हातारं असावं लागतं, असं आमच्याकडे समजतात. माझं तेवढं वय झालेलं नाही. पण दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या बाईचं वय साध्या हिशोबाने मोजू नये. संध्याकाळी शेवटचं पोर घरी गेलं की मी सत्तरीची असते, आणि पाठ त्याहून थोडी मोठी. त्या हक्काने महाडमधल्या माझ्या अकरावी-बारावीच्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे. त्यातलं सगळं सांगण्यासारखं नाही, आणि जे आहे त्यातलं निम्मं खाण्याबद्दल आहे, हे आधीच कबूल करते.

आमचं गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. दहावीपर्यंत मी चालत, जीपने, जमेल तशी शिकले. पुढे कॉलेज म्हणजे महाड, आणि कुडपणहून रोज महाडला जाऊन-येऊन शिकायचं म्हटलं तर शिकायला वेळच उरत नाही. बाबा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होते. आई गावी नाचणी, वरी आणि म्हशी यांच्यात. अशा वेळी सुमनबाई देवासारख्या धावून आल्या. एके काळी त्या आमच्या बाजूच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि पावसात घाट बंद पडला की आमच्याकडे मुक्कामाला असायच्या. माझ्या आईच्या हातची भाकरी त्यांनी पुष्कळ खाल्ली होती, आणि बाई खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी महाडला राहत्या घरात शाळा सुटल्यानंतर मुलं सांभाळायचं काम सुरू केलं होतं. त्यांनी आईला निरोप धाडला, पोरीला माझ्याकडे पाठव. सकाळी कॉलेज करील, दुपारनंतर मला हाताशी होईल, जेवण-राहणं माझ्याकडे. आईने मला एक ट्रंक, एक गोधडी आणि जवळ्याच्या चटणीची बरणी देऊन पाठवलं.

बाईंचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. पुढे ओटी, ओटीला चार रुंद पायऱ्या, आत दोन खोल्या मुलांच्या आणि मागे स्वयंपाकघर. भिंतीवर मुलांची उंची मोजायच्या रेघा होत्या आणि त्यांच्या वर, दारापेक्षाही वर, पुराच्या पाण्याची रेघ. नवीन आलेलं प्रत्येक मूल विचारायचं, एवढं उंच कोण होतं? बाई म्हणायच्या, सावित्री. मुलांना ते पटायचं. दुपारी शाळेच्या रिक्षा एकामागून एक गल्लीत शिरल्या की एकच कल्ला व्हायचा. मग एमआयडीसीचा भोंगा, मग मशिदीतली अजान, मग बाईंचा मिक्सर. मिक्सर लागला की मुलं आपोआप हात धुवायला रांगेत उभी राहायची, कारण चार वाजताचा खाऊ हा त्या घरातला सर्वांत मोठा कार्यक्रम होता. कधी तांदळाची उकड, कधी भोपळ्याचे घारगे, कधी ओल्या खोबऱ्याचे पोहे, आणि आठवड्यातून एकदा तरी नाचणीचं सत्व. ते कुडपणचं, आमच्या घरचं असायचं. शहरातली मुलं ते चॉकलेट समजून प्यायची आणि मी ती समजूत कधी दूर केली नाही.

मी तिथे गेले तेव्हा माझ्यासारखंच एक माणूस कामाला होतं, संकेत. महाडचाच, बारावीतला, उंचीने ताड आणि भूक त्याहून मोठी. त्याला मुलांची आवड होती असं तो सांगायचा. मला वाटतं त्याला घारग्यांची होती. आम्हा दोघांना रोज मुलं यायच्या आधी ओटीवर उभं करून बाई नियम म्हणून घेत. नियम कागदावर नव्हते. बाईंचं म्हणणं, कागदावरचा नियम भिंत पाळते, तोंडातला माणूस पाळतो. आणि प्रत्येक नियमाला नाव होतं, कारण प्रत्येक नियमामागे काहीतरी घडलेलं होतं. चण्याचा नियम असा की मुलाच्या अंगठ्याहून लहान वस्तू घरात आणायची नाही. तो ज्या मुलाच्या नाकामुळे झाला तो आता इंजिनीअर होतोय. दाराचा नियम म्हणजे मुलाला घेऊन कुठेही दार लावून बसायचं नाही आणि कामाला असलेल्या दोघांपैकी एकाने कधी एकट्याने मुलांबरोबर राहायचं नाही, घरात मोठं माणूस हवंच. कडेचा नियम मला सर्वांत जड गेला. चालता येणाऱ्या मुलाला कडेवर घ्यायचं नाही, असा तो होता. मी तर चुलत भावंडं कडेवर घेऊन डोंगर चढलेली. मोकळ्या कडेने उभं राहायचं म्हणजे माझा तोल जायचा.

फोनच्या नियमात सगळे आले, बाईसुद्धा. मुलं घरात असेपर्यंत सगळ्यांचे फोन माळ्यावरच्या रिकाम्या पिठाच्या डब्यात. माझ्याकडे फोनच नव्हता, म्हणून हा नियम मी फार निष्ठेने पाळला. संकेतचा जीव मात्र दुपारभर त्या डब्याभोवती घुटमळत असायचा. शिवाय काही नियम आमच्यासाठी होते. परीक्षेच्या आठवड्यात कामाला हात लावायचा नाही, सातनंतर काम नाही, रविवारी सुट्टी, आणि मूल कितीही रडलं तरी आपण त्याच्यासमोर रडायचं नाही, मागे स्वयंपाकघरात जाऊन रडायचं. पहिल्या आठवड्यात एक नियम माझ्या कर्तृत्वाने वाढला. मी मुलांना आंबेनळी घाटात रात्री गाड्यांना हात दाखवणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. आमच्याकडे ही गोष्ट पोरांना झोपवायला सांगतात. दुसऱ्या दिवसापासून एकही मूल एकटं संडासात जाईना आणि दोन आयांनी तक्रार केली की पोर घरीसुद्धा सोबत मागतं. तेव्हापासून घाटातल्या बाईचा नियम झाला, आणि तो म्हणताना संकेत दरवेळी माझ्याकडे बघायचा.

पण सर्वांत मोठा नियम हाताचा. मूल ठरलेल्या माणसाच्या हातातच द्यायचं. आईबापांनी जी नावं सांगितली तीच, आणि ते माणूस समोर आल्यावर मुलाचा हात त्याच्या हातात ठेवायचा, नुसतं "जा" म्हणायचं नाही. हा नियम मला पाठ होता पण अंगात भिनत नव्हता. कुडपणात पोर म्हणजे गावाचं. वाटेने जाणारा कोणीही पोर उचलतो, आपल्या घरी नेतो, जेवायला घालतो, आणि संध्याकाळी आई हाक मारत फिरते तेव्हा कुठल्या तरी घरातून "हाय हाय, हितं हाय" असं उत्तर येतं. माझ्या आईने मला अशी किती वेळा गोळा करून आणली असेल याची तिलाही गणती नाही. त्यामुळे एके दुपारी आमच्या गावाकडचा बंडूमामा, पोलादपूर-महाड जीप चालवणारा, पायरीशी येऊन म्हणाला की ओमचं घर माझ्या वाटेवरच हाय, सोडतो त्याला, तेव्हा मला ते उपकारच वाटले. बाई आत घारगे तळत होत्या. ओम पहिलीतला, शहाणा मुलगा. मी त्याचा हात बंडूमामाच्या हातात ठेवला. हात ठेवला म्हणजे नियमही पाळला गेला, असं मला मनापासून वाटलं.

ओम घरी उतरायलाच तयार झाला नाही. त्याला जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली होती आणि अशी जागा सोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बंडूमामाला मागचे प्रवासी खोळंबलेले, तो म्हणाला, बरं, येताना उतर. ओमने पोलादपूर पाहिलं, एसटी स्टँडसमोर वडापाव खाल्ला, हॉर्न वाजवला, आणि जीप भरेपर्यंत बंडूमामाबरोबर "महाड, महाड" असं ओरडून गिऱ्हाइकं गोळा केली. इकडे त्याची आई त्याला न्यायला आली होती. पुढचा तास मी लिहीत नाही. एवढंच सांगते की ओम परत आला तेव्हा फक्त तो एकटा हसत होता, आणि पुढे कित्येक दिवस त्याची आई त्याला न्यायला आली की तो विचारायचा, जीप कुठाय?

बाई रागावल्या की ओरडत नसत. त्या भाजी चिरायला बसत, आणि राग जितका मोठा तितकी भाजी बारीक. त्या संध्याकाळी कोबी असा चिरला गेला की तो शिजवावा लागला नाही. चिरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अश्विनी, कुडपणात सगळा गाव तुझ्या ओळखीचा आहे. इथे ओळख आपण ठरवायची नाही. ती मुलाच्या आईबापांनी ठरवायची." मग त्यांनी शांतपणे सांगितलं की बाबांना निरोप गेलाय, सुट्टी मिळेल त्या रविवारी येतील. तोपर्यंत आणखी एक चूक झाली, तर मीच त्यांना सांगेन, पोरीला घेऊन जा. परत जायचं म्हणजे कॉलेज सुटणार, हे तर झालंच. पण माझ्या मामाने पलीकडच्या वाडीतला एक टेम्पोवाला मुलगा मनात योजून ठेवला होता, आणि मी घरी रिकामी बसलेली दिसले असते तर ती योजना मनातून ओटीवर यायला वेळ लागला नसता. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंही नव्हतं. मला बारावी व्हायची होती. त्या दिवसापासून मी इतकी नियमाने वागू लागले की ओमच्या आईलासुद्धा दोनदा नाव विचारलं.

बाबा ज्या रविवारी यायचे होते त्याच्या आधीचा गुरुवार. गुरुवारी दुपारी बाई गुडघ्यांसाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जात आणि त्यांच्या जागी मोठं माणूस म्हणून शेजारच्या काकू येऊन झोपाळ्यावर बसत. काकू हातात जपमाळ घेऊन बसायच्या आणि थोड्याच वेळात जपमाळ एकटीच जागी असायची. त्या दिवशी चार वाजता झोयाने अंगावर सत्वाचा पेला ओतून घेतला. झोया चार वर्षांची, वजनाने हलकी आणि मताने भारी. मी तिला दुसरे कपडे घातले, तिचा पिवळा फ्रॉक धुऊन पायऱ्यांशेजारच्या दोरीवर टाकला, आणि वळते तर फाटकात एक माणूस उभा. अंगावर कोट, हातात चाकांची मोठी बॅग, आणि अत्तराचा वास त्याच्या आधी ओटीवर पोचलेला. तो म्हणाला, "मी सलीम. झोयाचा अब्बा. घेऊन जायला आलोय."

झोयाची अम्मी, शबानादीदी, एका दवाखान्यात नर्स होत्या. झोयाचा बाप आखातात असतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिला न्यायला येणारी माणसं दोनच, अम्मी आणि नानी. बापाचं नाव सांगितलेलंच नव्हतं, कारण तो इथे नव्हताच. सलीमभाईंनी सगळं नीट सांगितलं. कोणालाही न कळवता आलोय, शबानाला चकित करायचंय, घराला कुलूप, शेजाऱ्यांनी इथला पत्ता दिला. तोपर्यंत झोया माझ्या मागे येऊन माझी ओढणी धरून उभी राहिली होती. सलीमभाई गुडघ्यावर बसले, हात पसरले, आणि अशा आवाजात "झोया" म्हणाले की संकेतने खाणं थांबवलं. झोयाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "हे अब्बा नायत. अब्बा एवढे असतात." आणि तिने तळहात उघडून दाखवला, फोन मावेल एवढा.

त्या माणसाचे हात तसेच पसरलेले राहिले. मला माझंच आठवलं. मी लहान असताना बाबा गणपतीला मुंबईहून यायचे तेव्हा मी धान्याच्या कणगीमागे लपायचे आणि शेजारी जाऊन सांगायचे की आमच्याकडे कोण तरी पाहुणा आलाय, आमच्या आईच्या हातचं सगळं तोच खातोय. पण आठवणी काढत बसायची ती वेळ नव्हती. सलीमभाईंनी पासपोर्ट काढला. त्यातल्या माणसाला मिशा होत्या, समोरच्याला नव्हत्या. मी म्हटलं, पासपोर्ट आमच्या नियमात नाय. काकू जाग्या झाल्या आणि झोपाळ्यावरून म्हणाल्या, "अगो नाक बघ ना. पोरीचं नाक आन् ह्याचं नाक एकच हाय. देऊन टाक." नाक खरंच एकच होतं. पण नाकही नियमात नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, शबानादीदीला फोन करते. ते कळवळून म्हणाले, नको, एवढ्या लांबून आलोय ते याच्यासाठीच, तिचं तोंड बघायला. पण रविवार डोळ्यांसमोर होता. घरातल्या जुन्या लँडलाइनवरून दवाखान्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं की बाळंतपण चालू आहे, सिस्टर आत आहेत, कधी बाहेर येतील ते बाळाला ठाऊक. मग मी बाईंना फोन लावला, आणि माळ्यावरचा पिठाचा डबा वाजायला लागला. बाईंनी स्वतःचा नियम पाळला होता आणि फोन घरी ठेवून कुंडात पाय सोडून बसल्या होत्या. डबा बराच वेळ वाजत राहिला आणि सगळी मुलं त्याच्याकडे तोंड वर करून बघत राहिली.

सलीमभाईंनी मुलांना खजूर देऊ केले, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात बाहेरच्या खाण्याचा नियम म्हणून दाखवला. ते खजुराचा पुडा हातात घेऊन पायरीवर बसले. एवढा मोठा, कोटातला माणूस, पण रुसून बसलेल्या पोरासारखा दिसायला लागला. संकेतला राहवेना. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, अगं, तिचे अब्बा फोनमध्ये असतात ना, मग त्यांना फोनमध्ये घालू. मी म्हटलं, फोनचा नियम? तो म्हणाला, तुझ्या नावावर नको, माझ्या नावावर मोड. संकेतने आयुष्यात इतकं थोर काही बोललेलं मी तेव्हाही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. तो स्टुलावर चढला, डबा काढला, पीठ झटकून आपला फोन चालू केला. सलीमभाईंच्या फोनमध्ये तिकडचं सिम, ते इकडे मुकं. मग संकेतने आपलं नेट त्यांना दिलं आणि ते स्वतःचा फोन घेऊन पायऱ्यांच्या कडेला, दोरीच्या अलीकडे, झोयाला दिसणार नाहीत असे जाऊन उभे राहिले.

संकेतचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. झोयाने तो दोन्ही हातांनी धरला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला काकूंचं नाक-प्रकरण एकदम पटलं. "अब्बा," ती म्हणाली, आणि पुढच्याच दमात आवाज खाली आणून तक्रार केली, "अब्बा, इथं एक माणूस आलाय. मला नेतो म्हणतो. मला नाय जायचं त्याच्यासंगं."

आम्ही ओटीवर होतो. संकेत माझ्याकडे बघेना, मी संकेतकडे बघेना. भिंतीच्या कडेपलीकडून आणि फोनमधून एकदम, थोडा मागे-पुढे, एकच आवाज आला. "मग नको जाऊस, बेटा. ताई सांगते तसं कर. अम्मी आल्याबिगर कुणासंगं जायचं नाय." मग थोडं थांबून, "त्या माणसाला बसू दे पायरीवर. दमलाय तो."

मला रडू आलं. मुलांसमोर रडायचं नाही हा नियम होता, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन, डाळीच्या डब्याशी तोंड करून, जमेल तेवढ्या घाईने रडून आले. परत आले तर झोया फोनमध्ये नाक घालून उभी. ती म्हणाली, "अब्बा, तुमच्या मागं माझा फ्रॉक हाय." तिने फोनमधला पिवळा फ्रॉक पाहिला, मग ओटीवरून वाकून दोरीवरचा फ्रॉक पाहिला. त्याच्या अलीकडे अब्बा होते. तिने पुन्हा फोन पाहिला. मग ती एक पायरी उतरली, फोन पाहिला, आणखी एक उतरली. सलीमभाई हललेसुद्धा नाहीत, नुसते खालच्या पायरीवर बसले. ती त्यांच्यापासून हातभर लांब, एक पायरी वर बसली आणि फोनशीच बोलत राहिली. तेही फोनमध्येच उत्तरं देत राहिले. तिने त्यांना खाऊला काय होतं ते सांगितलं, ओमच्या जीपबद्दल सांगितलं, आणि मध्येच फोनवरची नजर न काढता डावा हात लांब करून त्यांच्या कोटाची बाही धरली. मी सगळं बघत मागच्या पायरीवर उभी होते, दोन्ही हात मोकळे, आणि ते कुठे ठेवावेत मला कळत नव्हतं.

बाई रिक्षातून उतरल्या त्या वेळी दृश्य असं होतं. पोराच्या हातात चालू फोन, पिठाचा डबा ओटीच्या मधोमध, पायऱ्यांवर एक अनोळखी पुरुष, त्याच्याभोवती गोळा झालेली सगळी मुलं, आणि ओमच्या तोंडात खजूर. तो त्याने कधी मिळवला ते मला आजही माहीत नाही. काकू म्हणाल्या, "मी सांगत होते देऊन टाक म्हणून." मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती, गोधडी आधी, पुस्तकं वर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मूल हातात दिलंस?"

"नाय."

बाई आत गेल्या. भाजी चिरायचा आवाज आला नाही, चहाचा आला. त्या स्वतः कप घेऊन बाहेर आल्या आणि सलीमभाईंना दिला. सातच्या सुमाराला शबानादीदी आल्या, अंगावर ड्युटीचाच पांढरा कोट. फाटकात पाय ठेवला आणि तिथेच थांबल्या. पायरीवरचा माणूस उठून उभा राहिला. एवढ्या लांबून ज्या तोंडासाठी तो आला होता ते तोंड उघडलं आणि म्हणालं, "घरात काय मासं नाय, मटण नाय. आधी सांगायचं नाय होय?" मग त्या रडल्या. ते मात्र मुलांसमोर. मी झोयाचा हात उचलून त्यांच्या हातात ठेवला, आणि त्यांनी तो सलीमभाईंच्या हातात दिला. जाताना झोयाने विचारलं, "आता परत फोनमधी कधी जाणार?" ते म्हणाले, सुट्टी संपली की. ती म्हणाली, "मग मला आधी सांगा," आणि त्यांचा हात धरून गल्लीतून निघाली.

दुसऱ्या दिवशी ओटीवर नियम म्हणून झाले तेव्हा बाईंनी नवा सांगितला, पायरीचा. मूल ज्याला ओळखत नाही असा त्याचा माणूस आला, तर त्याला हाकलायचं नाही. पायरीवर बसवायचं, पाणी द्यायचं, नावावर असलेल्या माणसाला निरोप द्यायचा, आणि मूल आपण होऊन उठून त्याच्याजवळ जाईपर्यंत वाट बघायची. फोनबद्दल त्या संकेतला म्हणाल्या, आठवडाभर घारगे तू तळायचे, खायचे दुसऱ्यांनी. माझ्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. रविवार तसाच माझ्या मानेवर राहिला.

रविवारी मुलं नसतात, पण संकेत शिक्षा भोगायला आला होता आणि दारात उभं राहून नव्या नियमाचा सराव करत होता. मी मागे केस धूत होते. बाबा आले, हातात मला न्यायला आणलेली मोकळी पिशवी. संकेतने त्यांना फाटकातच अडवलं. नाव काय, कोणाकडे काम आहे, तिचे तुम्ही कोण. बाबांनी सगळं सांगितलं. संकेत म्हणाला, ठीक आहे, पण ती ओळखेपर्यंत तुम्ही पायरीवर बसायचं. बाबा मुंबईत दिवसभर दुसऱ्यांना हेच विचारत असत. त्यांना राग आला नाही, ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरोबर करतोस, पोरा. पन रजिस्टर ठेव. सही घेतल्याबिगर कुणाला आत सोडू नको." मी ओटीवर आले तेव्हा ते संकेतला रजिस्टरचे रकाने समजावून देत होते. गेटवर उभं राहून राहून त्यांची पाठ वाकली होती, हे मला त्या दिवशी दिसलं. एरवी ते गणपतीला यायचे तेव्हा मी त्यांच्याकडे पाठीमागून कधी पाहिलंच नव्हतं.

बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुमची मुलगी नियमाला पक्की आहे, मला हवी आहे. घेऊन जायची असेल तर मी अडवणार नाही, पण आमच्याकडे पोरीला विचारल्याशिवाय हातात देत नाहीत. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि संकेतलाही घेऊन गेल्या. मी उभीच राहिले. मग बाबांना झोयाची सगळी हकिकत सांगितली, फ्रॉकपर्यंत.

"तू पन कणगीमागं लपायचीस," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? बसून रहायचो ओटीवर. भूक लागली की तू यायचीस."

आता पोलादपूरला माझं स्वतःचं घर मुलांनी भरलेलं असतं, आणि मदतीला येणाऱ्या अकरावीतल्या मुली रोज दुपारी ओटीवर उभ्या राहून पायरीचा नियम म्हणतात. त्यांना वाटतं तो सुमनबाईंनी केला. त्यांच्याही आधी तो गावच्या ओटीवर बाबा पाळत होते, हे मी सांगत बसत नाही. त्या रविवारी मी दोन पायऱ्या उतरले आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसले, हातभर अंतर न ठेवता. म्हटलं, मी हितंच राहते. ते म्हणाले, "ऱ्हा." मग मोकळ्या पिशवीची नीट घडी करून त्यांनी ती खिशात घातली, आणि भूक लागलीय का, असं मला विचारलं.